राष्ट्राध्यक्षांच्या शब्दाचा कागद

"पत्र चोरीला गेलंय, आणि चोराने त्याच्या जागी दुसरं ठेवलंय," मुक्ता जगदाळे दारातच म्हणाली.

डॉ. हरीश बेलसरे हातात चहाचं गाळणं घेऊन उभा होता. आयर्लंडमधल्या नास गावच्या इस्पितळात तो भूल देण्याचं काम करी, आणि आज त्याची सुट्टी होती. बायको सुहासिनी मुंबईत असताना विमा कंपन्यांसाठी खोटे दावे हुडकून काढायची. इकडे आल्यावर तिने तोच उद्योग स्वतःच्या नावावर थाटला होता. लोकांना झोपवणारा नवरा आणि लोकांची झोप उडवणारी बायको असं ते घर होतं. सुट्टीच्या दिवशी हे दुसरं खातं जोरात चाले.

"आधी बस," सुहासिनी म्हणाली. "कुठलं पत्र? आणि वेळ किती आहे आपल्याकडे?"

"आज संध्याकाळी पाचपर्यंत."

मुक्ता डब्लिनजवळच्या सिटीवेस्टमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. जुन्या कागदपत्रांचे फोटो घेऊन ती संगणकावर आणायचं तिचं काम. या खेपेला काम होतं एका गोदी कामगार संघटनेचं. डब्लिनमधल्या बॉल्सब्रिजच्या हॉटेलात आज प्रदर्शन होतं, अमेरिकेहून युनियनचे पुढारी येणार होते, आणि त्यांना बघायचं होतं ते एकच पत्र.

"मायकल किन्सेला इथलाच, नासचा," मुक्ता सांगू लागली. "अमेरिकेत जाऊन गोदी कामगारांचा पुढारी झाला. मोठा संप झाला तेव्हा तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला एकट्याला बोलावून शब्द दिला, की संप मागे घे, एकाही माणसाची नोकरी जाणार नाही. त्याने घेतला मागे. आणि आठवड्यात शेकडो लोकांना काढलं."

"म्हणजे तोंडघशी पडला," हरीश म्हणाला.

"लोकांनी त्याला फितूर ठरवलं. तो मेला तरी बोलला नाही. पण राष्ट्राध्यक्षांनी नंतर स्वतःच्या हाताने त्याला लिहिलं होतं, की शब्द मी दिला होता, मी पाळू शकलो नाही, आणि तुम्ही माझं नावही घेतलं नाहीत. ते पत्र त्याच्या मुलीने, मिस ब्रीडा किन्सेलाने, ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा बाहेर काढलं. ताब्यात घेतल्याची सही माझी आहे."

"आणि आता?"

"शनिवारी दुपारपर्यंत पत्र होतं. आज सकाळी फोल्डर उघडलं तर आत रंगीत झेरॉक्स! आम्हीच काढलेली. रंग जुळेपर्यंत चारपाच काढल्या होत्या, मोजल्या कुणी?" मुक्ता म्हणाली. "झेरॉक्सला कोण विचारतंय? कोणीही बनवेल. सुहासिनीताई, कंपनी मला काढणार. वर्क परमिट कंपनीच्या नावावर आहे. महिन्याभरात गाशा गुंडाळावा लागेल."

"घरी कोणाला सांगितलंस?"

"बाबांना नाही. बायपास झालीये त्यांची. बाहेर गाडीत बसलेत."

"गाडीत?" हरीश ओरडला. "अगं, आत आण त्यांना!"

प्रल्हादराव जगदाळे कराडकडचे, पिंपरीच्या इंजिनांच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेले. समोर डॉक्टर आहे म्हटल्यावर त्यांनी चहाआधी खांद्यावरची पिशवी उघडली. इस्पितळाचं डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेलं. हृदयाचा आलेख लॅमिनेट केलेला. दहावीचं सर्टिफिकेट, लग्नाचा दाखला आणि कारखान्यातल्या युनियनचं सेक्रेटरीपदाचं ओळखपत्र, सगळं चकचकीत प्लास्टिकमध्ये.

"अहो, हे सगळं घेऊन फिरता?" हरीशला हसू आवरेना.

"परमुलखात कागद जवळ पायजेत, डाक्टर. आन ह्ये झेरॉक्स." त्यांनी नाडी बांधलेली एक कागदी फाईल काढली, सुरगाठीचं टोक एकदा ओढून सोडली, आणि दाखवून झाल्यावर तशीच नीट बांधली. "कुनी मागितली तर द्यायला."

सुहासिनी ओळखपत्र बराच वेळ बघत राहिली.

"सेक्रेटरी होतात, काका?"

"व्हतो एके काळी," प्रल्हादराव म्हणाले, आणि त्यांनी कार्ड पिशवीत टाकलं.

सिटीवेस्टला पोचेपर्यंत नास रोडवरच्या गर्दीत अर्धा तास मोडला. तेवढ्यात हरीशने चोर ठरवूनही टाकला: मुक्ताचा सहकारी विक्रांत. मुक्ता गेली की प्रकल्प त्याच्याकडेच येणार होता.

ऑफिसात सुहासिनीने आधी फोल्डर मागवलं. खाकी पुठ्ठ्याचं, पांढऱ्या फितीने बांधायचं. मुक्ताने सकाळी ते उघडलं तेव्हा फितीची गाठ कशी होती, ते तिने विचारलं.

"सुरगाठ. व्यवस्थित फुलासारखी," मुक्ता म्हणाली. "मी तर फीत नुसती गुंडाळते."

"चोर टापटिपीचा आहे," हरीशने मत दिलं.

"किंवा त्याला घाई नव्हती," सुहासिनी म्हणाली.

विक्रांत आला तो हसतच. शनिवारी तो ऑफिसला आलाच नव्हता म्हणे. सुहासिनीने दाराच्या कार्डाच्या नोंदी पुढे केल्या: शनिवार, दुपारी दोन ते चार, विक्रांत. त्याचं हसू मावळलं.

"ओके, आलो होतो. दुसऱ्या कंपनीसाठी सीव्ही छापायला. प्लीज, बॉसला सांगू नका. पत्राला मी हातही लावला नाही."

"मुक्ता कुठे होती?"

"फोनवर, खाली. कायम फोनवर! इथे फक्त मुक्ताचे बाबा, काका होते, प्रदर्शनाच्या बोर्डासाठीचे कागद लॅमिनेट करत. यार, काय चिकाटी! प्रत्येक कागद रुमालाने पुसून मशीनमध्ये घालायचे. एका कागदाला तर नमस्कार केला त्यांनी."

"बाबांना घरी करमत नाही," मुक्ता ओशाळून म्हणाली. "म्हणून मीच काम दिलं. टेबलावरचे कागद बोर्डासाठी लॅमिनेट करा म्हटलं."

हरीशचा पार गोंधळ उडाला. विक्रांत खोटं बोलला होता, पण त्याचा सीव्ही प्रिंटरच्या यादीत खरोखर होता. जो खोटं बोलला तो चोर नव्हे, मग खरं बोलणाऱ्यांत चोर शोधायचा कसा?

"अजून एक आहे," मुक्ता म्हणाली. "इतिहासकार. डॉ. फर्गल टिरेल. शनिवारी बाराला ते पत्र तपासायला आले होते. दहा मिनिटं एकटेच होते खोलीत."

"हे आता सांगतेस?" हरीश म्हणाला. त्याने विक्रांतला मनातल्या मनात सोडून दिलं आणि टिरेलला पकडलं.

प्रल्हादरावांना घेऊन सगळे बॉल्सब्रिजच्या हॉटेलात आले, तेव्हा दालनात बोर्ड उभा होता. त्यावर सहा कागद, सगळे लॅमिनेट केलेले, खाली माहितीच्या पट्ट्या. मधोमध राष्ट्राध्यक्षांचं पत्र, आणि समोर मूळ पत्रासाठी आणलेली काचपेटी, रिकामी. टिरेल तिच्याकडेच बघत उभा होता.

मुक्ताने सगळं सांगितलं तसा तो शेजारच्या खुर्चीवर बसला.

"किन्सेला विकला गेला असं माझ्या पुस्तकात मीच लिहिलंय," तो म्हणाला. "हे पत्र खरं असेल तर माझं पुस्तक रद्दी. आणि ते खरं आहे. शनिवारी मी ते खिडकीपाशी उजेडात धरलं. कागदाच्या आत राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीचा छाप आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही."

"मग ते नाहीसं झालं तर तुमचा फायदाच," हरीश ठासून म्हणाला.

"फायदा? आता सगळं शहर म्हणेल, त्या टिरेलनेच ते जाळलं. मला ते पत्र तुमच्यापेक्षा जास्त हवंय, डॉक्टर."

हेही पटण्यासारखं होतं. हरीशला आता सगळ्यांचंच पटत होतं आणि काहीच कळत नव्हतं. तो हताश होऊन बोर्डाला टेकला. बोट पत्रावरून फिरलं, तर घडीच्या जागी प्लास्टिक किंचित उंच लागलं. लॅमिनेशन जरा कच्चंच झालंय, असं त्याला वाटलं.

"डाक्टर, बोटं उमटत्यात!" प्रल्हादराव रुमाल घेऊन धावले.

सुहासिनीने वळून बघितलं.

"सुहास, या कागदावर बोटाला काहीतरी लागतंय," हरीश बायकोला म्हणाला.

"पुन्हा सांग, बोटाला काय लागलं?"

"घडी. घडीचा उंचवटा."

तिने पत्राकडे वाकून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद मात्र दिसेना, आणि हरीशला तेच विचित्र वाटलं. अपराधी सापडला की ती एरवी मांजरासारखी खूश असते.

"काका, शनिवारी काय काय केलंत?" तिने हळूच विचारलं.

"पोरीनं सांगितलं तसं. लॅमिनेशन केलं, ऱ्हायलेले कागद ठिकानशीर ठिवले. का वो?"

पाचला दहा मिनिटं असताना मिस ब्रीडा किन्सेला काठी टेकत आल्या. लहानखुऱ्या, हिरवा कोट, हात सतत थरथरणारे. त्यांनी काचपेटीकडे बघितलं, मग मुक्ताकडे. मुक्ताला त्यांच्या नजरेला नजर देता येईना.

"बसा, मिस किन्सेला," सुहासिनी इंग्रजीत म्हणाली. "पत्र चोरीला गेलेलं नाही. ते याच खोलीत आहे."

टिरेल उठून उभा राहिला.

"सकाळपासून आम्ही चोर शोधतोय. पण बघा, मूळ पत्र पळवून जागी नक्कल ठेवणारा माणूस ती नक्कल कळू नये अशी ठेवेल. इथे तर ऑफिसच्या कागदावरची झेरॉक्स, लहान मुलानेही ओळखावी अशी. शिवाय त्याने जाताना फितीची सुरगाठ मारली. म्हणजे ज्याने हे केलं त्याला कोणाला फसवायचंच नव्हतं. त्याच्या मते झेरॉक्सची जागा फायलीतच होती."

"असं कोण मानतं?" टिरेलने विचारलं.

"आम्ही सगळे. हरीश, तुझी एमबीबीएसची डिग्री कुठे आहे?"

"कपाटात. लॅमिनेट करून," हरीश म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"आमच्याकडे लॅमिनेशन करतात ते अस्सल कागदाचं. झेरॉक्सला प्लास्टिक कोण चढवतं? तुमच्याकडे उलटं: नकलेला प्लास्टिक आणि अस्सलला काचपेटी. मुक्ता इथे राहून तुमची रीत शिकली. कागद लॅमिनेट करा म्हणताना कुठला, ते सांगावं लागेल हे तिच्या ध्यानातच आलं नाही. टेबलावर पत्रही होतं आणि झेरॉक्सही. मशीनपुढच्या माणसाने एका कागदाला नमस्कार केला. झेरॉक्सला कोणी नमस्कार करत नाही. आणि झेरॉक्समध्ये घडीची रेघ उमटते, पण बोटाला घडी लागत नाही."

तिने बोर्डावरचं पत्र काढलं आणि खिडकीशी उजेडात धरलं. कागदाच्या आतला छाप स्वच्छ दिसला.

"तेच आहे," टिरेल म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "पण हे गरम डिंकात भाजलंय! हे कधीही सुटणार नाही. इतका मोलाचा कागद आणि कोण्या मूर्खाने..."

प्रल्हादराव कोपऱ्यात उभे होते. त्यांना इंग्रजी थोडंच कळे. पण लॅमिनेट हा शब्द त्यांनी तीनदा ऐकला होता, आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"पोरी," ते म्हणाले, "माझं काय चुकलं का?"

हरीशला वाटलं, आता मुक्ताने खोटं बोलावं. काहीही सांगावं. मुक्ताच्या डोळ्यांत राग होता आणि पाणीही.

"हो, बाबा. ते प्लास्टिकमध्ये घालायचं नव्हतं. खराब झालं ते."

म्हातारा खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"सत्त्याऐंशीच्या संपात मंत्र्यानं मला श्येपरेट बोलावून शबूद दिला व्हता," ते म्हणाले. "मागं घ्या, एक मानूस काढनार न्हाई. म्या घेतला. चाळीस जन काढले. माझ्या दारावर फितूर म्हनून लिवलं लोकांनी, तुझी आई चार दिस पुसत व्हती. माझ्याकडं कागद न्हवता, पोरी. ह्या मानसाकडं व्हता. मोठ्या राष्ट्राध्यक्षाचा, सहीचा. त्यो फाटू न्हाई म्हनून केलं म्या."

मुक्ताने वडलांचा हात धरला. दारावरच्या त्या शब्दाबद्दल तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"काय म्हणाले ते?" मिस किन्सेलांनी विचारलं. मुक्ताने वाक्यावाक्याने सगळं सांगितलं.

मिस किन्सेला उठल्या आणि थेट सुहासिनीपाशी गेल्या.

"द्या ते इकडे. माझी आई हे कपाटात ठेवायची, कपड्यांच्या खाली, कुलपात. आम्हाला हात लावायची बंदी. ती गेल्यावर माझेच हात असे झाले. फाटेल म्हणून मी हे कधी धरलंच नाही."

त्यांनी पत्र दोन्ही हातांनी छातीशी धरलं. हात थरथरत होते, प्लास्टिक कडकड वाजत होतं, पण कागदाला काही होत नव्हतं. मग वडलांच्या नावावरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"कागद खराब झाला, मिस किन्सेला," टिरेल म्हणाला. "मी शांत राहू शकत नाही."

"नका राहू. तुम्ही ते पुस्तक परत लिहा." त्यांनी मुक्तापुढे हात केला. "तुझी ती पावती कुठे आहे, बाळ? पत्र परत मिळालं म्हणून सही करते. कंपनीने विचारलं तर सांग, मालकीण म्हणाली सगळं ग्रँड आहे, काही बिघडलं नाही."

बाहेर अमेरिकन पाहुण्यांचे आवाज येऊ लागले. पत्र बोर्डावर परत लागलं. प्लास्टिकवर मिस किन्सेलांच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते.

प्रल्हादरावांनी सवयीने रुमाल काढला, पत्रापाशी गेले, ठशांकडे बघितलं, आणि रुमाल घडी करून पुन्हा खिशात ठेवला.