कैकराच्या पिल्लाचं नाव

एका पाखराच्या पिल्लाला त्याच्या आईबापाकडे पोचवायचं, एवढ्याच कामासाठी त्या पहाटे अबूधाबीच्या किनाऱ्यावरून यूनुस सोलकरचा मचवा सुटला. साल एकोणीसशे चौसष्ट, फेब्रुवारीचा महिना. सुकाणूवर यूनुस, मचव्याचा तांडेल, म्हणजे कप्तान, मूळचा हर्णैचा. पुढच्या टोकाला, नाळेवर, खमीस, मोती काढण्यात उमर गेलेला तिथलाच म्हातारा. आणि मधोमध, झाकलेली टोपली मांडीवर घेऊन, यूनुसची बायको मरियमबी.

टोपलीत कैकराचं पिल्लू होतं. कैकर म्हणजे मासे मारून जगणारी मोठी घार. इथल्या ओसाड बेटांवर ती जमिनीवरच घरटं रचते. मागच्या वादळात एका लाटेनं हे पिल्लू घरट्यातून ओढून नेलं. खमीसला ते एका बेटाजवळ तरंगताना सापडलं आणि त्यानं ते मरियमबीकडे आणून दिलं. तिच्या हातचे बोय माशाचे तुकडे खाऊन ते चांगलं गुबगुबीत झालं. पण परवापासून त्यानं खाणंच सोडलं. चोच घट्ट मिटून, समुद्राकडे तोंड करून ते बसून राही.

"याला मी नको, आई हवीय," मरियमबी म्हणाली होती. "आज नाही नेलं तर हे जगायचं नाही."

मचवा उघड्या पाण्यात आला तसा यूनुसनं विषय काढला. "नाव तरी ठेव त्याला. किती दिवस नुसतं 'अरे' म्हणणार?"

"सैफ रखो, बीबी," खमीस म्हणाला. "सैफ, मतलब तलवार!"

"कसली तलवार, चाचा! उभं राहता येत नाही त्याला अजून," यूनुस म्हणाला.

"नको," मरियमबी म्हणाली. "नाव ठेवलं की ते आपलं होतं. मग सोडवत नाही."

दोन मुलींना ती हर्णैला सासूपाशी ठेवून आली होती. नाव घेऊन हाक मारावी आणि समोर फक्त पाणी असावं, हे तिला नवीन नव्हतं.

सूर्य वर आला आणि धुकं उतरलं. आधी दूरची क्षितिजाची रेघ गेली, मग जवळचं पाणी, मग नाळेवर बसलेला खमीससुद्धा नुसती सावली झाला. वारा पडला होता. समुद्र दुधासारखा पांढरा आणि स्तब्ध. आपण पाण्यावर आहोत की ढगात, हे मरियमबीला कळेना. ओढणी दवानं ओली झाली होती, ओठांवर मिठाची चव होती, आणि मांडीवरचं ते लहानसं ऊब देणारं ओझं तेवढं खरं वाटत होतं. हे धुकं कधी सरूच नये, असंही तिला क्षणभर वाटलं.

यूनुसनं इंजिन बंद केलं. "चाचा, बेट कुठं?"

"पता नहीं, तांडेल. कुछ नहीं दिखता."

पण ओहोटी लागली होती. पाणी मचव्याला गुपचूप ओढत होतं, आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

खर्रर्र!

मचवा थरथरला. बुडाला खडक! यूनुसनं काठी रोवली. खमीसनं दुसरी. दोघांनी सगळं बळ लावलं. मचवा सुटला, पण एक फळी उकलली होती. पाणी आत आलं! मरियमबीनं डोक्यावरची ओढणी ओढून फटीत कोंबली आणि ती घमेल्यानं पाणी उपसायला लागली.

"इंजिन लगाओ! वापस घुमाओ!" खमीस ओरडला.

"परत कुठं? चारी बाजूंना खडक असले तर?"

तेवढ्यात टोपलीतून आवाज आला. बारीक, तुटक शीळ. टी... टी... टी...

आणि धुक्यातून, उजवीकडून, तशीच पण मोठी शीळ परत आली!

"इस्मा!" खमीसनं हात वर केला. "सुनो! उसकी माँ है!"

"पाखराच्या भरवशावर मचवा घालू?" यूनुसनं विचारलं.

"अहो, त्याला घर ठाऊक आहे. आपल्याला आहे का?" मरियमबी म्हणाली. तिनं टोपलीवरचं फडकं काढलं आणि पिल्लाला वर धरलं. पिल्लू मान ताणून ओरडलं. उत्तर आलं. यूनुसनं इंजिन मंद लावून सुकाणू फिरवलं. खमीस काठीनं तळ चाचपत राहिला. आवाज, उत्तर. पुन्हा आवाज, पुन्हा उत्तर. पिल्लू थकून गप्प झालं की तिघंही श्वास रोखून थांबत. एकदा डोक्यावरून लांब पंखांची सावली सरकली आणि पुढे विरली. मचवा तिच्या मागोमाग गेला.

बुडाखाली रेती लागली!

दोघं फळीच्या फटीत कापूस आणि चरबी भरायला बसले. पिल्लू घेऊन मरियमबी एकटीच चढण चढली. काटक्या, जाळ्याचे तुकडे, शिंपले रचून कमरेएवढं झालेलं घरटं तिथं होतं, आणि त्यात दुसरं पिल्लू. मादी थेट तिच्यावर झेपावली! नख्या केसांना घासून गेल्या. टोपली डोक्यावर उलटी धरून, वाकून ती पुढे सरकली. पुन्हा झेप! तिनं पिल्लू त्याच्या भावंडाशेजारी ठेवलं आणि ती मागं पळाली.

मग तिघंही खडकाआड वाट बघत बसले. आई स्वीकारेल की टोचून बाहेर काढेल?

धुकं विरलं. नर पंजात चमचमती बोय घेऊन आला. मादीनं एक तुकडा तोडून घरट्यातच राहिलेल्या पिल्लाला दिला. दुसराही त्यालाच. मरियमबीनं यूनुसचा दंड घट्ट धरला. तिसरा तुकडा तोडून मादी थांबली, मान तिरकी करून तिनं परतलेल्याकडे पाहिलं.

चोच उघडली. त्यानं तुकडा घेतला!

"अल्हम्दुलिल्ला!" खमीस पुटपुटला.

"आता ठेव नाव," यूनुस हळूच म्हणाला. "आता ते त्याच्या आईचं आहे. नाव ठेवायला हरकत नाही."

"तुम्हीच सांगा."

"तांडेल म्हण. आज मचवा त्यानं आणला, मी नाही."

मरियमबी हसली. मग खडकाआडून, कुणी दचकू नये अशा बेतानं, तिनं हाक मारली, "तांडेल!"

पिल्लानं वळून पाहिलं नाही. त्याचं सगळं लक्ष आईच्या चोचीतल्या माशावर होतं. मरियमबीला तेच हवं होतं.

"यल्ला," खमीस उठत म्हणाला, "चलो, भरती लग गई."

ती दोघांच्या पुढे उतार उतरू लागली. समोर समुद्र निळा पसरला होता, आणि खडक कुठे कुठे आहेत, ते आता वरून स्वच्छ दिसत होतं.