सातव्या वळणावरची बाई

भुतंखेतं फक्त रात्रीच भेटतात अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी ही गोष्ट जरूर ऐकावी. ही भर दुपारी तीनची, लख्ख उन्हातली गोष्ट आहे. आणि ती जिच्यावर गुदरली तिने बावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. पन्नास पोरांचा कलकलाट पाठीशी घेऊन रोज घाट उतरणारी बाई. ती सहजासहजी घाबरणाऱ्यांतली नव्हती.

त्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, शर्यतीच्या ट्रॅकच्या ऑफिसात जाऊन एक फॉर्म भरला आणि ‘काही बरंवाईट झाल्यास जबाबदारी माझी’ या ओळीखाली सही केली. कारकुनाने आडनाव वाचलं, मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि हेल्मेट पुढे सरकवलं. मागच्या वर्षी याच ट्रॅकवर तिची लेक गेली होती.

लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणी ती एका जागी बसलेली कोणी पाहिलीच नव्हती. मोठी झाली तशी तिला वेगाचं वेड लागलं. इथल्या मास्तरांकडे ती दोन वर्षं गाडी शिकली आणि महिन्याभरात इथेच शिकवायला लागणार होती. तेवढ्यात सातव्या वळणावर तिची गाडी फिरली आणि कठड्यावर आदळली. चौकशीच्या कागदावर एकच ओळ आली: ‘चालकाची चूक, ऐन वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.’

ती ओळ आईच्या घशात काट्यासारखी अडकून बसली होती. नवशिक्याने करावी अशी चूक भिंगरी करेल? शिवाय सातव्या वळणावर गाड्यांना इशारे देणाऱ्या झेंडेवाल्याने चौकशीत सांगितलं होतं की ट्रॅकवर एक बाई उभी होती, दोन्ही हात हलवत होती आणि तिच्या एका पायात बूट नव्हता. फाटकं बंद, आत चिटपाखरू नाही, मग बाई आली कुठून? लोकांनी त्याला वेड्यात काढलं. आईने मात्र त्याचा शब्द न शब्द खरा मानला. वर्षभर रोज सकाळी बसची किल्ली फिरवताना ती त्या बाईला शाप द्यायची. जिथे असशील तिथे तुझं वाटोळं होऊ दे. आणि मग पहिला गिअर टाकायची.

आज ती इथे आली होती ती एवढ्याचसाठी. तिला स्वतः ते वळण घेऊन बघायचं होतं. भिंगरीने पाय का उचलला ते तिला कळायला हवं होतं. त्याशिवाय तिला घास गिळवत नव्हता.

“बस विसरा, ताई,” मास्तर म्हणाले. लाल, बुटकी गाडी उन्हात तापत उभी होती. “बसचं इंजिन तुमच्या पुढ्यात असतं. हिचं तुमच्या पाठीला टेकून बसलंय. वजन मधोमध, म्हणून वळते झकास. पण वळणात शिरल्यावर घाबरून पाय उचललात, तर वजन पुढे पळतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गर्रकन फिरते. वेग कमी करायचा तो आधी, सरळ रस्त्यावर. एकदा वळणात शिरलात की उजवा पाय जिथे आहे तिथे. जीव गेला तरी...”

त्यांनी जीभ चावली.

“आणि फिरलीच तर?”

“क्लच, ब्रेक, दोन्ही दाबून धरायचे. मी येईपर्यंत खाली उतरायचं नाही. काहीही झालं तरी नाही.”

“मास्तर, तिने का उचलला असेल?”

“मला ठाऊक असतं तर मी वर्षभर जागा राहिलो असतो का?” मास्तर म्हणाले. “ताई, तिला झोपेतून उठवून वळणात बसवलं असतं तरी तिने पाय उचलला नसता.”

तिने पायात भिंगरीचे सरावाचे जुने बूट घातले होते. पातळ तळाचे, पॅडल नीट कळावं म्हणून. तिला ते जरा सैलच होत होते. झेंडेवाला खांद्यावर झेंडे टाकून आपल्या जागेकडे निघाला होता. जाता जाता तो थबकला आणि तिच्या बुटांकडे नको इतका वेळ बघत राहिला.

“लेस घट्ट बांधा, बाई,” तो हळूच म्हणाला आणि निघून गेला.

पहिल्या चार फेऱ्या मास्तर शेजारी बसले. बाईचा हात चांगला होता, पण पाय बसचाच. वळण दिसलं की तो आपोआप वर यायचा आणि मास्तर ओरडायचे. तिसऱ्या फेरीपासून तो हळूहळू ऐकू लागला. मग मास्तर उतरले, वायरलेस घेऊन कठड्याशी उभे राहिले आणि म्हणाले, “आता एकट्याने. मी कानात आहेच.”

एकटं बसल्यावर इंजिन जास्त जवळ आलं. ते पाठीमागे गुरगुरत होतं, मणक्यातून वर चढत होतं. पेट्रोलचा आणि तापलेल्या रबराचा वास हेल्मेटात कोंडला होता. दोन फेऱ्या झाल्या. सातवं वळण दोनदा नीट गेलं. “शाब्बास ताई,” कानात मास्तर म्हणाले. “डोळे वळणाच्या शेवटाकडे ठेवा.”

तिसऱ्या फेरीत तिचे डोळे कठड्याकडे गेले. तिथे तेवढ्याच एका तुकड्याचा रंग नवा होता. उजवा पाय बोटभर उचलला गेला, तिला कळलंसुद्धा नाही. आभाळ, गवत, कठडा, पुन्हा आभाळ. क्लचवर पाय पोचायला उशीर झाला. गाडी ट्रॅकवर आडवी थांबली आणि इंजिन बंद पडलं.

सगळं शांत झालं.

“मास्तर...” कानात नुसती खरखर होती. “मास्तर, ऐकताय ना...”

खरखरीच्या मागून एक आवाज आला. वळणाच्या पलीकडून, लांबून, एक गाडी येत होती. तेच गुरगुरणं, त्याच जातीचं इंजिन. आज तर ट्रॅकवर दुसरी गाडीच नव्हती.

आंधळ्या वळणावर बस बंद पडली तर ड्रायव्हरने काय करायचं, हे तिच्या अंगात बावीस वर्षं मुरलं होतं. खाली उतरायचं, पन्नास पावलं मागे पळत जायचं, हात हलवून येणाऱ्याला थांबवायचं. पोरांचा जीव त्यावर असतो. मास्तरांनी काय बजावलं होतं ते त्या क्षणी तिला आठवलंसुद्धा नाही. तिने पट्टा सोडला, हेल्मेट काढून टाकलं. डावा पाय पॅडलांच्या फटीत अडकला होता. तिने हिसडा दिला, पाय सुटला आणि ती पळत सुटली. वळणाच्या तोंडाशी येऊन तिने दोन्ही हात वर केले आणि जिवाच्या आकांताने हलवायला लागली.

गाडी वळणात शिरली. आतलं हेल्मेट पिवळं होतं. जिन्यावरून पडून त्याला कपाळाशी आडवा ओरखडा पडला होता. त्या दिवशी ते जिन्याखालून उचलून तिनेच पुसून ठेवलं होतं.

पहिल्यांदा तिला भीती वाटलीच नाही. आली, एवढंच वाटलं. माझी आली. वर्षभरात असं काही वाटलं नव्हतं.

मग डावा तळपाय चटकला. तिने खाली पाहिलं. मोजा होता, आणि मोज्याखाली तापलेलं डांबर.

वर्षभर जिला शाप दिले होते ती बाई इथे उभी होती.

“पाय उचलू नको,” ती किंचाळली. “भिंगरे, माझ्याकडे बघू नको गं... पाय उचलू नको...” पण हेल्मेटाच्या आत, इंजिनाच्या आवाजात कोणाला काय ऐकू जाणार? आणि समोर आई उभी असताना कुठली लेक पाय उचलणार नाही?

इंजिनाचा आवाज एकदम पडला. टायर किंचाळले. गाडी तिला वळसा घालून फिरत गेली, मागे तो आवाज झाला आणि मग काहीच नाही. ती वळली तेव्हा कठडा जसाच्या तसा उभा होता, नव्या रंगाचा. ट्रॅकवर एकच गाडी होती आणि ती तिचीच होती.

झेंडेवाला धावत आला. पाठोपाठ मास्तर जीप घेऊन आले.

“ती गाडी...” ती म्हणाली.

“कुठली गाडी, ताई? आज ट्रॅकवर तुम्ही एकट्याच आहात. आणि खाली का उतरलात? मी वायरलेसवर ओरडून ओरडून...”

“मास्तर, एक फेरी. एकच. हात जोडते.” एवढ्या उन्हातही तिचे दात वाजत होते. “यावेळी मी उतरणार नाही. आतच बसून राहीन. मी उतरले नाही तर ती पाय उचलणार नाही. कळतंय का तुम्हाला? मग ती घरी येईल.”

मास्तरांना काही कळलं नाही. ते तिच्या खांद्यावर हात ठेवून, “घरी चला, ताई, घरी चला,” एवढंच म्हणत राहिले. मग पाणी आणायला जीपकडे गेले. तिने तेवढ्यात पॅडलांच्या फटीतून बूट ओढून काढला. जमिनीवर बसून पायात घातला. झेंडेवाल्याच्या खिशातून झेंड्यांच्या काठ्यांना गुंडाळायची पांढरी चिकटपट्टी बाहेर आली होती. ती घेऊन तिने बूट आणि घोटा तीन वेढे देऊन करकचून बांधला, आणि पट्टी दाताने तोडली.

झेंडेवाला ते बघत होता. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

“बाई... त्या दिवशी मी सगळं सांगितलं नाही.”

तिने मान वर केली.

“एक बाई सांगितली तरी लोक हसले. म्हणून एकच सांगितली.” त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. “तिच्या मागे दुसरी होती. तीही हात हलवत होती. तिच्या बुटाला पांढरी पट्टी गुंडाळलेली होती... तेव्हा चेहरे ओळखीचे नव्हते. आज ओळखले.”

तिची बोटं पट्टीवरच थांबली. लांब मास्तर बाटलीचं झाकण उघडत होते.

“दोघीच होत्या ना?” तिने शेवटी विचारलं.

झेंडेवाल्याने तिच्या डोक्याकडे पाहिलं. घामाने चिकटलेले केस अजून काळेभोर होते, चार पांढरे शोधूनही सापडले नसते.

“अजून एक होती,” तो म्हणाला. “कमरेत वाकलेली. केस पांढरेफटक. ती हात हलवत नव्हती, बाई... ती नुसती पोरीला बघायला आल्यासारखी उभी होती.”