दोनाचे पाच

दार लावून घ्या आधी. वारा आत येतो आणि मग तुम्हीच म्हणता, म्हातारा खोकतो फार. हां. आता बसा. ते मोबाइल खिशात घाला, नाहीतर मी आपला झोपायला जातो. मला काही तुमच्यासारखी जागरणाची हौस नाही.

मघाशी कोण म्हणालं, गाडीतल्या टोलच्या डब्यावरचा आकडा बदलायला विसरलो म्हणून? तू ना? हसतोस काय, दंड झाला तर भर आणि मोकळा हो. पण एक ऐक. त्या डब्यावर खरं असेल तेच दाबत जा. जे नाही ते आहे म्हणून कबूल करू नकोस. कुणीही सांगितलं तरी. मी सांगितलं तरी.

एकवीस वर्षं मी या कंपनीत टोलची बिलं तपासली. परदेशात गेलेल्या प्रत्येक गाडीचा कागद महिनाअखेरीला माझ्या टेबलावर यायचा. रस्त्यावरच्या टोलच्या कुठल्या कमानीखालून किती वाजून किती मिनिटांनी गेली, किती टनांची गाडी, ॲक्सल किती. तुम्हाला ठाऊकच आहे, ॲक्सल जास्त तर रस्त्याचं भाडं जास्त. ट्रेलर जोडला की पाच दाबायचे, सोडला आणि नुसता घोडा घेऊन निघालात, म्हणजे पुढची इंजिनाची गाडी तेवढी, की दोन. त्यात घोळ घालणारे ड्रायव्हर मी पायलीचे पन्नास बघितले. फक्त एकाच्या कागदावर कधी चूक सापडली नाही. त्याला आम्ही मास्तर म्हणायचो. अक्षर मोत्यासारखं, वही नीटनेटकी, आणि बोलणं मोजूनमापून. त्याचा भाऊ पण आपल्याकडेच होता. त्याला सगळे धाकटा म्हणायचे, मॅनेजरसुद्धा. हा बडबड्या, तो मुका, पण दोघांचं मेतकूट असं की एकाची गाडी पुढं आणि दुसऱ्याची मागं, वर्षानुवर्षं.

सोळा जानेवारी. गुरुवार. दोघं सीमेपलीकडच्या कस्टमच्या यार्डात अडकले होते. संध्याकाळी सात वाजता मास्तरच्या बायकोचा फोन गेला. आई दवाखान्यात, डॉक्टर म्हणतात सकाळपर्यंत पोचा. आईला बोलता येत नव्हतं फारसं. तिनं सुनेचा हात धरून दोनच शब्द सांगितले होते, दोघं या.

मॅनेजरनं सांगितलं, मास्तर, तुझा ट्रेलर तिथंच राहू दे, नुसता घोडा घे आणि नीघ. धाकट्याचा माल सीलबंद होता, त्याचे कागद खिडकीत पडले होते, तेव्हा त्याला ट्रेलरसकट अर्ध्या तासानं निघावं लागणार होतं. तो त्या खिडकीच्या रांगेत होता, दादा कसा निघाला ते त्यानं बघितलं नाही. फोनवर ठरलं एवढंच, की दवाखान्याच्या फाटकाशी भेटायचं आणि आत जाताना एकत्र जायचं. आईनं दोघं म्हटलंय तर दोघंच तिच्यासमोर उभे राहायचे.

यार्डाचा पास हातात पडून दहा चाळीसला मास्तर निघाला. डब्यावर दोन दाबले. नीट दाबले, मी पैजेवर सांगतो.

अकरा अठराला पहिली कमान आली. सगळं बरोबर असलं की डबा एकदा वाजतो. तो चारदा वाजला. मास्तरनं बघितलं तर पाचाचा आकडा. आईच्या काळजीत आपणच विसरलो, असं समजून त्यानं पुन्हा दोन केले. अकरा बावन्नला दुसरी कमान. चारदा वाजला. पुन्हा पाच. त्यानं परत दोन केले.

त्यानं आरशात बघितलं. मागं मोकळा रस्ता.

बारा पंचवीसला टोलखात्याची गाडी आडवी आली आणि त्याला कडेला घेतलं. अंमलदार उतरला, वयस्कर माणूस, झोपमोड झाल्यासारखा वैतागलेला. काच खाली करायला लावून म्हणाला की दोन सांगता आणि पाच ओढता? मास्तर म्हणाला, साहेब, नुसता घोडा आहे, बघा की. अंमलदारानं त्याच्याकडे असं बघितलं, की हा प्यायलाय की काय. आणि टॉर्च घेऊन मागं गेला.

आता नीट ऐका. घोडा केवढा असतो? सहा-सात पावलं, संपला. मास्तर आरशात टॉर्चचा उजेड बघत होता. उजेड मागं गेला. आणखी मागं गेला. थांबला, खाली वाकला, जसं चाकांकडे बघताना वाकतात. परत चालू लागला. वीस पावलं तरी गेला असेल. मग वळला, आणि दुसऱ्या बाजूच्या आरशात येताना दिसला. मधे काही असावं आणि त्याला वळसा घालावा, तसा.

खिडकीशी येऊन म्हणाला, "मागचे दिवे लागत नाहीत तुमचे. आणि आकडा पाच करा, नाहीतर सकाळी तपासणी होईपर्यंत गाडी इथंच उभी राहील."

 मास्तरनं मला फोन लावला. टोलची काहीही भानगड असली की फोन मलाच यायचा. मी गाढ झोपेत. त्यानं सगळं सांगितलं, टॉर्चचं पण सांगितलं, पण मी कुठलं ऐकतोय. मला वाटलं, मशीन बिघडलंय आणि साहेब अडून बसलाय. मी म्हणालो, "अरे, पाच दाब आणि सूट. पैसे मी परत मिळवतो."

हो. मी म्हणालो. म्हणूनच सांगतोय.

त्यानं पाच दाबले.

अंमलदार बाजूला झाला. मास्तरनं क्लच सोडला, आणि गाडी निघाली ती जड निघाली. भरलेला नव्हे, पण रिकामा ट्रेलर मागं असला की इंजिन जेवढं कुरकुरतं, तेवढं कुरकुरलं. ड्रायव्हरला ते कंबरेतून कळतं. पुढच्या कमानीला डबा एकदाच वाजला. सगळं बरोबर म्हणून.

मग आवाज यायला लागले. रिकाम्या ट्रेलरचा तो खडखडाट असतो ना, खड्ड्यातून गेलं की. घोडा खड्ड्यातून गेला की अर्ध्या सेकंदानं मागं तो व्हायचा. आरशात काही नाही. मास्तरनं रेडिओ लावला. बंद केला. आवाज झाकला जात होता, ते जास्त वाईट वाटलं त्याला. मागं काय चाललंय ते ऐकू तरी यायला हवं. मला म्हणाला, काका, मी इतका कधी भ्यालो नव्हतो, लहानपणीसुद्धा नाही.

घाट चढताना दोन गिअर खाली यावं लागलं. उतार लागला आणि ते मागून ढकलायला लागलं. ब्रेकवर पाय ठेवला की पाठीत धक्का. वळणावर घोडा एकीकडे आणि ढकलणं दुसरीकडे. पुढं असे सात किलोमीटर होते. त्याला कळून चुकलं, की हे मागं घेऊन आपण आईपर्यंत पोचत नाही.

दोन पन्नास. एका वळणापुढं रस्ता जरासा रुंद होता. पुरेसा नव्हता, पण त्यानं उभी केली. हँडब्रेक ओढला. गाडी थांबली... आणि मग मागून एकदा हलकेच पुढं बसली. ट्रेलर बसतो तशी.

तो उतरला. टॉर्च लावून मागं गेला. काही नाही. चाकं, डांबर, थंडीनं पांढरं पडलेलं गवत.

टॉर्च विझवला.

हात पुढं केला.

हाताला पत्रा लागला.

गार. ओला. नुसता... पत्रा.

टॉर्च लावला. काही नाही. विझवला. पत्रा.

मास्तर मास्तरच. त्यानं डोळे मिटून घेतले आणि रोज करायचा तेच केलं. चाचपडत ट्रेलरचे पाय खाली करायचं हँडल शोधलं. ते होतं. फिरवलं. हलकं फिरलं. पाय जमिनीला टेकले, ते हाताला कळलं. हवेचे पाइप काढले. फुस्स झालं. घोड्याच्या पाठीवरचा जबडा उघडायचा दांडा ओढला.

खट्.

पलीकडच्या बाजूला कुणीतरी श्वास सोडला.

मास्तर धावला. कसा चढला, कसा निघाला, त्याला आठवत नाही. घोडा उधळल्यासारखा पुढं गेला, हलका, एकदम हलका. त्यानं डब्यावर दोन दाबले. तीन अकराला कमान आली. डबा एकदा वाजला. दोन. मास्तरचा जीव भांड्यात पडला, एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला. आई भेटेल, असं त्याला वाटलं, रात्रीत पहिल्यांदा.

आणि मग त्याला एक आठवलं.

ट्रेलर रस्त्यावर सोडला की मागं काय ठेवायचं? लाल त्रिकोण. तुम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. त्यानं ठेवला नव्हता. दिवे नाहीत. अर्धा रस्ता अडवून, वळणाच्या पलीकडे. आणि मागून अर्ध्या तासावर... धाकटा.

फोन लावला. तीन रिंग झाल्या.

"दादा, अरे दिसलास की तू," धाकटा म्हणाला. आवाज खुशीत. "थांबलास होय माझ्यासाठी? दिवे तरी लाव लेका."

"तो मी नाही."

"काय?"

"तो मी नाही. थांबू नकोस. बाजूनं काढ आणि ये. उतरू नकोस."

"आता चेष्टा पुरे. तूच उभा आहेस की मागं. हात करतोयस."

मास्तरनं ब्रेक दाबला.

"ये ये म्हणतोयस आणि वर फोनवर नाही म्हणतोयस," धाकटा हसला. "आलो, आलो."

हँडब्रेकचा आवाज आला. मग कडेला घेताना लावतात त्या दिव्यांची टिकटिक. दार उघडलं. मास्तर ओरडत होता. फोन गाडीतच राहिला होता, ऐकायला कुणी नव्हतं. नुसती टिकटिक.

टिकटिक.

टिकटिक...

मग खट्. जबडा लागताना होतो, तो.

घाटात घोडा वळवायला जागा नव्हती. खाली जाऊन वळून परत यायला मास्तरला बेचाळीस मिनिटं लागली. धाकट्याची गाडी व्यवस्थित कडेला उभी होती. इंजिन चालू, दिवे लुकलुकत, दार उघडं. मालाचं सील जसंच्या तसं. पुढं रस्ता मोकळा. धाकटा नाही.

पोलिसांनी दरी पालथी घातली, कुत्री आणली. कुत्री गाडीपुढं दहा-बारा पावलं जायची आणि खाली बसायची. धाकटा आजपर्यंत सापडला नाही.

शुक्रवारी दुपारी मास्तर दवाखान्यात पोचला, आणि आत जाईना. फाटकाशीच उभा. एकत्र जायचं ठरलं होतं ना. शेवटी बायकोनं हाताला धरून नेला. आईनं त्याच्याकडे बघितलं आणि मग त्याच्या खांद्यावरून मागं दाराकडे. तो म्हणाला, गाडी लावतोय तो, येतोच आहे. चार दिवस ती बाई दाराकडे बघत होती. पाचव्या दिवशी गेली. मी होतो तिथं. ते डोळे मला अजून झोपू देत नाहीत, आणि देऊही नयेत.

त्याआधी, शनिवारी, धाकट्याची गाडी आणायला मास्तरबरोबर मीच गेलो होतो. जाताना त्यानं हे सगळं सांगितलं, एका आवाजात, बिल वाचून दाखवावं तसं. मी त्याची माफी मागितली.

गाडी त्याच जागी होती. तिच्या पुढं दहा-बारा पावलांवर डांबरात दोन चौकोनी खड्डे होते, शेजारी शेजारी. मी खिशातली टेप लावली. ट्रेलरचे दोन पाय जेवढ्या अंतरावर असतात, बरोब्बर तेवढ्या अंतरावर. सोबतचा पोलीस म्हणाला, जुने असतील, उन्हाळ्यात एखादा भरलेला ट्रेलर सोडला असेल कुणी. पण कडा ताज्या होत्या. आणि त्या आठवड्यात थंडी अशी होती, की डांबरावर पहार मारली असती तर ठिणगी उडाली असती.

मास्तर गुडघ्यावर बसला. त्यानं एका खड्ड्यात हात घातला. मनगटापर्यंत गेला.

"काका," तो म्हणाला, "मी सोडला तेव्हा रिकामा होता."