प्रभाग चारची हरकत

मे महिन्यात माणिकटोल्यात लग्न लागत नाही. नवरा झोपलेला असतो, नवरी झोपलेली असते आणि आचारीसुद्धा झोपलेला असतो. निदान प्रभाग चारमध्ये तरी. उरलेले तीन प्रभाग जागे असतात, पण त्यांची लग्नं नागपूरला थंड हॉलमध्ये होतात.

या झोपेला डॉक्टर लोक ग्रीष्मनिद्रा म्हणतात, गाव उन्हाळझोप म्हणतं. कल्पना मूळची बेडकाची. तळं आटलं की बेडूक चिखलात खोल जातो, हृदय मंद करतो आणि पाणी येईपर्यंत न खाता-पिता पडून राहतो. माणसाच्या शरीरातही अशी मंद होण्याची सोय होतीच, फक्त तिचं बटण सापडत नव्हतं. ते सापडलं. दोन इंजेक्शनं, एक गार खोली, आणि मार्चअखेर झोपलेला माणूस जूनच्या शेवटी उठतो. तोवर त्याला नळीतून दिवसाला वाटीभर पाणी पुरतं. ज्या नगरपंचायतीला टँकर परवडत नाहीत तिला आणखी काय हवं? उन्हाळझोप ऐच्छिक होती. ज्यांच्या घरी बोअर आणि एसी होते त्यांची इच्छा झाली नाही. प्रभाग चारमध्ये सगळ्यांची झाली.

कुंदा निमसरकार नगरपंचायतीच्या निवडणूक शाखेत कारकून होती. निवडणुकीच्या माणसांना झोपायची परवानगी नव्हती, म्हणून तिने सगळे उन्हाळे जागून काढले होते. ती थकली होती. एका दिवसाचा थकवा असता तर रविवारी गेला असता. हा उन्हाळ्यावर उन्हाळा साचलेला होता.

एप्रिलमध्ये कार्यालयाच्या फलकावर सूचना लागली. प्रभाग चारची झोप यंदापासून तीन महिन्यांवरून आठ महिने, म्हणजे नोव्हेंबर ते जून, करण्याचे योजिले आहे. मतदानाचा दिवस झोपेत येत असल्याने येथील मतदारांनी आपले मत झोपण्यापूर्वी नोंदवावे. हरकत असल्यास प्रभागातील मतदाराने वीस मे रोजी सायंकाळी पाचपर्यंत समक्ष नोंदवावी. मुदतीत हरकत न आल्यास कोणाचीही हरकत नाही असे समजण्यात येईल.

सूचना टाइप कुंदानेच केली होती. उमेदवारांची यादी लागणार जानेवारीत, आणि हे लोक मत देणार ऑक्टोबरअखेर. कोणाला देणार, ते सूचनेत नव्हतं. कुंदा स्वतः या प्रभागाची मतदार नव्हती, आणि ज्यांनी हरकत घ्यायची ते सगळे मागच्या इमारतीतल्या निजघरात ओळीने झोपलेले होते.

नियमात एकच फट होती. झोपण्याआधी ज्याने जागपत्र, म्हणजे ‘अमुक झालं तर मला उठवा’ असं लिहून दिलं असेल, त्याला मध्येच उठवता येई. प्रभाग चारमध्ये ते एकटीने दिलं होतं. वीटभट्टीवर काम करणारी यमुना शेरकी. तिची दहा वर्षांची मुलगी प्राची उन्हाळाभर वसतिगृहात राही, कारण मुलांना झोपवायला मनाई होती. ‘पोट्टीवर काही आलं तर उठवा,’ असं यमुनाने लिहवून घेतलं होतं.

हे पोरीवरच आलेलं आहे, असं कुंदाने ठरवलं. वीस मेच्या दुपारी ती नोंदवही घेऊन निजघरात गेली.

“मध्येच उठवलं तर हृदयाला ताण बसतो,” निजघराचे डॉक्टर वासेकर म्हणाले. “तासाभरात परत झोपवावंच लागतं. नाहीतर मूत्रपिंडं दगा देतात.”

“मरणार तर नाही ना?”

“बहुतेक नाही.”

“बहुतेक?”

“बाई, हे सगळं निजघर बहुतेकवरच चाललंय.”

त्यांनी सुई दिली. बराच वेळ काही झालं नाही. मग यमुनाचे ओठ हलले.

“पाणी आलं काय?”

“नाही, यमुनाबाई. अजून मे आहे. मी कुंदा, निवडणुकीतली.”

“प्राची?”

“बरी आहे. बोलावते तिला. आधी हे ऐका.”

कुंदाने सूचना वाचली. यमुनाचं लक्ष ठरेना, म्हणून पुन्हा वाचली, मग साध्या शब्दांत सांगितली. यात निम्मा तास गेला.

“आठ महिने,” यमुना म्हणाली. “भट्टी किती दिवस चालते आता?”

“पाणी असतं तेवढेच. तीन-चार महिने.”

“म्हंजे उठीन तवा काम राहीन?”

“राहील. पण पोरीचं बघा ना. ती वर्षाला बारा महिने वाढणार, तुम्ही चार. ती सोळाची होईल तेव्हा तुमची दोनच वर्षं झालेली असतील.”

“आताच तसं होऊन रायलं. मागच्या साली उठली तं तिचा फ्राक गुडघ्याच्या वर गेला होता. आधी मांडीवर निजे. आता बाजूले बसते, पाहुण्यावानी.”

“म्हणून तर हरकत घ्या! मी लिहिते, तुम्ही नुसता अंगठा द्या.”

“अन् जागी राहून काय करू? भट्टी बंद, नळ बंद. तिले काय देऊ?” यमुनाने डोळे मिटले. “झोपीत गुडघे नाई दुखत, बाई. भूक नाई लागत. तुमाले नाई समजाचं.”

“समजतं,” कुंदा म्हणाली. तिला त्या खाटेचा खरोखर हेवा वाटत होता, आणि त्याची लाजही वाटत होती.

“तिलेच झोपवा ना. लेकरं कायले नाई घेत?”

“झोपेत मुलांची वाढ थांबते,” डॉक्टरांनी समजावलं. “आठ महिने झोपलेलं मूल वर्षभरात चार महिन्यांचंच वाढेल. म्हणून मनाई आहे.”

यमुनाने डोळे उघडले.

“थांबते?”

“हो.”

“म्हंजे मी उठीन तवा ती एवढीच राहीन?”

डॉक्टर घड्याळाकडे बघू लागले.

“तेच लिवा, बाई. तिलेबी झोपवा म्हणून,” यमुना म्हणाली.

“ती हरकत होत नाही. ती सूचना झाली.”

“मंग सूचना लिवा. अन् प्राचीले बोलवा ना.”

तेव्हा कुंदाला आठवलं की तिने वसतिगृहात फोन केलेलाच नाही. तिने घाईघाईने केला. यमुनाला ग्लानी येत होती. वहीत ‘हरकत आहे’ असं लिहून तिचा अंगठा घेतला असता तरी तिला कळलं नसतं. पाच वाजायला आले होते. कुंदाने पेन उघडून धरलं. पण खोटं लिहायलाही अंगात जोर लागतो. तो तिच्यात उरला नव्हता. यमुना बोलली होती तेच तिने लिहिलं आणि अंगठा घेतला.

डॉक्टरांनी झोपेची सुई टोचली.

प्राची धावत आली तेव्हा आई गार पडत चालली होती.

“आई उठली होती?”

“तासभर.”

“मंग मले आधी कायले नाई बोलावलं, मावशी?”

“मुदत होती गं पाचची,” कुंदा म्हणाली. एवढंच खरं होतं, आणि ते तिला स्वतःलाच ऐकवेना.

प्राचीने उघडी वही पाहिली. शब्दाशब्दावर बोट ठेवत तिने आईची सूचना वाचली, आणि तिचा चेहरा फुलला.

“म्हंजे मलेबी झोपता येईन? आईच्या बाजूले?”

“अजून ठरायचं आहे. त्यावरही हरकती मागवतील.”

“कोणाची राहीन हरकत?”

हरकती मागवतील त्या महिन्यात कोण जागं असेल, ते कुंदाने मनात मोजून पाहिलं. वसतिगृहाचं पाणी वाचणार होतं, जेवण वाचणार होतं. तिने वहीत शेरा लिहिला: हरकती निरंक, सूचना एक. वर शिक्का मारला.

“नसेल कोणाची,” ती म्हणाली.

प्राचीने चपला काढल्या आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवी होऊन पाहिली. खाट तिला अजून मोठी होत होती.