चारशे तेरावं लग्न

तो दुकानात शिरला तेव्हा मी रडायच्या बेतात होते. शेवगावच्या भर पेठेत, काउंटरमागे बसून रडणं बरं दिसत नाही, म्हणून नुसती स्क्रीनकडे बघत होते.

"विजयमाला व्हिडिओ हेच ना?" त्यानं विचारलं. "आईच्या लग्नाची कॅसेट हवी होती... म्हणजे आता कॅसेट नसेल, पण—"

"नावं गेली," मी म्हणाले. "चारशे बारा लग्नांची."

काय बाई मी तरी. ओळख ना पाळख, आणि तोंडून पहिलं वाक्य हे.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीस वर्षं तालुक्यातल्या लग्नांचं शूटिंग केलं. दुकानाला नाव आईचं. त्या सगळ्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवल्या, स्टोरेजच्या पेटीत भरल्या आणि त्यावर कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एका बंद डब्यात, एक सर्व्हर ॲप चालू केलं. ज्याचं लग्न त्यानं घरबसल्या टीव्हीवर बघावं, एवढंच. पण कुठलं लग्न कुणाचं, हे फक्त अण्णांच्या डोक्यात. दोन महिने ते सांगत होते आणि मी टाइप करत होते. त्या सकाळी मी ॲपची नवी आवृत्ती टाकली, तर व्हिडिओ जागच्या जागी आणि नावं गायब.

तो विचारून काउंटरच्या आत आला. नाव गोरक्षनाथ. पुण्याच्या कंपनीचे सर्व्हर घरी बसून सांभाळायचा. पाच मिनिटं बघितलं त्यानं.

"डबा बदललात तुम्ही," म्हणाला. "व्हिडिओ बाहेर फडताळात, म्हणजे त्या स्टोरेजच्या पेटीत होते, ते राहिले. नावं मात्र डब्यातच ठेवली होती." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज खाली आला. "पुन्हा भरू ना आपण. मी येत जाईन."

आपण... मी त्या शब्दाशीच अडकले.

आणि तो खरंच यायला लागला. रोज चार वाजता, हातात लॅपटॉप आणि केसांत उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेली धूळ. अण्णा तर हरखूनच गेले. पहिल्यांदा न सांगितलेल्या गोष्टीही आता सांगायला लागले. "ह्यो नवरदेव लई लाजरा. हार घालायला हातच वर जाईना त्याचा," असं म्हणत हसायचे. गोरक्षनाथ टाइप करायचा, आणि मधेच माझ्याकडे बघायचा.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या आईचं, मनकर्णाबाईंचं लग्न सापडलं. फेटा बांधलेल्या एका माणसावर त्यानं बोट ठेवलं. "आजोबा," म्हणाला, "मी त्यांना चालताना कधी बघितलंच नव्हतं." मग कितीतरी वेळ चष्मा पुसत बसला. मी चहा करायला पळाले. साखर दोनदा पडली. तो चहा त्यानं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

चौथ्या दिवशी सकाळी मी एकटीच होते. यादीत फक्त चालू कंटेनर दिसतात. मी सहज 'सगळे' दाबलं, तर खाली आमचा जुना कंटेनर पडलेला. मी तो पुसलाच नव्हता, नुसता बंद केला होता. सुरू केला. सगळी नावं आत सुखरूप.

मी तो गुपचूप परत बंद केला.

हो, केला. काम संपलं असतं तर तो कशाला आला असता? आणि अण्णाही साडेतीनपासूनच विचारायचे, "दीपा, आला का न्हाई तो नाथ?"

विसाव्या दिवशी तो म्हणाला, कंपनीनं सगळ्यांना पुण्याला परत बोलावलंय, सोमवारपासून. नऊ लग्नं उरली होती. मी मान हलवली.

शनिवारी शेवटचं लग्न भरून झालं. अण्णा आत गेले.

"एक सांगायचंय..." मी म्हणाले. "रागावणार नसाल तर. नावं गेलीच नव्हती. जुना कंटेनर आहे. मला चौथ्या दिवसापासून माहीत आहे."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

मी काउंटरवरची नसलेली धूळ झटकली.

"तो सुरू करा," तो म्हणाला. "एकदा बघा तरी."

केला. वर आकडा चारशे तेरा. माझी मोजणी कधी चुकत नाही. सगळ्यात शेवटी चार सेकंदांचा एक व्हिडिओ होता. आमच्या दुकानाच्या कॅसेटींच्या सुरुवातीचा तुकडा, फुलं पडतात, बदाम गरगर फिरतात आणि अक्षरं येतात, 'विजयमाला व्हिडिओ सादर करीत आहे'. पुढे काहीच नाही. खाली नावं होती. वधू दीपा, वर गोरक्षनाथ. तारीख कोरी.

"गेल्याच आठवड्यात ठेवलंय," तो हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुम्ही उघडाल, असं वाटलं होतं... नको असेल तर पुसून टाका. पुण्याहून दर शनिवारी मात्र मी येणार आहे."

मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. पहिल्या दिवशी अडवून धरलेलं तेच असावं. मी की-बोर्ड त्याच्याकडे सरकवला.

"आधी हे फडताळात ठेव," मी म्हणाले. "डब्यात नको."