तिसरी हाक

दिवे गेले की हेतालगंजच्या चहाच्या टपरीवर दोनच विषय निघतात: विजेच्या नावाने शिव्या, नाहीतर भुतं. त्या रात्री शिव्या लवकर संपल्या. पोरं अनुकूलबाबूंच्या बाकाशी सरकली. अनुकूलबाबू कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. भुतांवर आपला विश्वास नाही, असं सांगूनच ते सुरुवात करत.

"ऐकीव गोष्ट नाही ही. माझ्या शेजारच्या घरातली," ते म्हणाले.

सुधन्य मंडल पंखे दुरुस्त करायचा. घर बांधाला लागून, मागच्या दारातून उतरलं की नदीचा घाट. धाकटा भाऊ बलाई होडी चालवायचा. "भुतं फक्त मतदारयादीत असतात," असं सुधन्य दिवसा म्हणे. रात्रीचं त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं.

तीन वर्षांमागची कोजागरी. घरोघर लक्ष्मीची पूजा आणि गावात भटजी अडीच, म्हणजे दोन आणि एक शिकाऊ. तेव्हा सुधन्यने बलाईला पाठवून पलीकडच्या तीरावरचे चक्रवर्ती भटजी आणवले. भटजींनी पूजा अशी भरभर उरकली की लक्ष्मीला टेकायलाही वेळ मिळाला नसेल. खिचडी आणि नारळाचे लाडू मात्र सावकाश खाल्ले. मग म्हणाले, "चला, पोचवा मला."

"सकाळी जा ना, भटजी. पौर्णिमेचं उधाण आहे," बलाई म्हणाला.

"पलीकडे अजून दोन घरं आहेत बाबा. लक्ष्मी थांबेल, यजमान थांबत नाहीत."

सुधन्यने भावाला बाजूला घेतलं. "सोडून ये. नाहीतर पुढच्या वर्षी हा माणूस यायचा नाही. परत आलास की हाक मार, दोर धरायला मी उतरतो."

घाटाच्या खालच्या पायऱ्या वादळात गेलेल्या. भरतीत एकट्याने होडी लावणं अशक्य. नव्या घाटाची फाइल कचेरीत सुखरूप होती.

"आणि झोपलास तर?"

"कोजागरीला कोण झोपतं रे?"

"वहिनी, ऐकलंस ना? तू साक्षीदार."

"आधी लग्न कर, मग साक्षीदार शोध," शेफाली म्हणाली. बलाई हसत गेला. मोबाइल घरीच, चार्जिंगला.

अनुकूलबाबू थांबले. "निशीचा नियम माहीत आहे ना रे?"

"रात्री हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही," पोरांतला रतन म्हणाला. "निशी म्हणजे रात्रीची भुताची हाक. ती ओळखीच्या आवाजात बोलावते, पण दोनदाच. तिसरी हाक आली तर समजायचं, माणूस आहे."

"आणि दोनवर ओ दिली तर?"

"तिच्या मागे पाण्यात."

"शाबास. शाळेचं पाठ नसेल, हे पाठ आहे."

मध्यरात्र उलटली. चांदणं एवढं, की उंबऱ्यापासून आत काढलेली लक्ष्मीची पिठाची पावलं मोजता यावीत. दोघं बसल्या जागी पेंगत होती.

"दादा!"

सुधन्य उठला. शेफालीने मनगट धरलं.

"बलाई आलाय."

"एकच झाली. थांबा."

"अगं, आवाज त्याचाच आहे."

"मग निशीचा आवाज कुणाचा असतो? परक्याचा?"

"दादा!"

ही जरा लांबून आली. सुधन्य दारात पोचला होता. हात कडीवर.

"दोन," शेफाली कुजबुजली.

ती दोघं तिसरीची वाट बघत उभी राहिली. बांधावर पाणी आपटत होतं. एक कुत्रा भुंकला, गप्प झाला. तिसरी…

तिसरी आली नाही.

भटजी पलीकडे सुखरूप पोचले होते. सकाळी वळणावर होडी सापडली. उलटी. बलाई सापडलाच नाही.

सुधन्यला कुणी बोल लावला नाही. सगळे म्हणाले, तू नियमाने वागलास. तेच त्याला सोसवेना. पंखे दुकानात तसेच पडून राहिले. दुकानात येईल त्याला तो विचारायचा, "बुडताना माणूस किती वेळा हाक मारू शकतो हो?" मग गिऱ्हाईकही यायचं थांबलं. "हात मी धरला होता," शेफाली म्हणायची. तो म्हणायचा, "कडी माझ्या हातात होती."

पुढची कोजागरी आली. पूजा नव्हती. शेफालीने त्याच्या धोतराचा सोगा आपल्या पदराला गाठ मारून बांधला आणि दाराला पाठ लावून बसली. चंद्र वर आला. पाणी चढलं. लांब कुठे शंख वाजले, थांबले.

मग घाटावरून हाक आली. दमलेली. पाणी प्यायलेल्या गळ्यातली.

"दादा…"

शेफालीनेही ऐकली. तिने दार घट्ट धरलं. "पहिली आहे. अजून दोन येऊ देत. तुम्हाला माझी शपथ."

सुधन्य गाठ सोडत होता. घाई नव्हती त्याला.

"पहिली नाही गं," तो म्हणाला. "तिसरी."

हिशेब बरोबर होता.

त्याने तिला हलकेच बाजूला केलं. कडी काढली. पायऱ्यांवर त्याचा आवाज आला, "आलो रे, आलो. टाक दोर."

मग काहीच नाही. पाण्याचासुद्धा आवाज नाही…

अनुकूलबाबूंनी चहाचा घोट घेतला. कुणी चहाचा पेला खाली ठेवला नाही.

"पहाटे तिने मला उठवलं. आम्ही चौघं उतरलो. सुधन्य नव्हता. घाटाच्या खुंटाला ओला दोर बांधलेला. गाठ सुधन्यचीच, मी ओळखतो. दुसरं टोक पाण्यात. ओहोटी होती, पाणी समुद्राकडे चाललेलं. दोर उलट्या दिशेला ताणलेला."

"ओढला?"

"चौघांनी. तसूभर आला नाही. मग पलीकडून… हिसका बसला. एक."

रतनने हळूच विचारलं, "आणि?"

"दुसरा. तिसऱ्याची वाट बघायला कुणी तयार नव्हतं. मीच कोयता घातला."

नदीकडून वारा आला. टपरीवाल्याने मेणबत्तीला हाताचा आडोसा धरला.

"कापलेला दोर खाली लोंबायला हवा ना?" अनुकूलबाबू म्हणाले. "हातभर तुकडा खुंटाला उरलाय. दोन वर्षं झाली. तो अजून लोंबलेला नाही. पाण्याकडे ताणून उभा आहे."