आळेफाट्यावरचं इंजिन

आईचे डोळे दाखवून झाले होते. राजुरीची गाडी यायला अवकाश होता, म्हणून आरतीनं आईला, म्हणजे प्रयागबाईला, समोरच्या हॉटेलात चहाला नेलं. भादव्याचं ऊन नुसतं पोळत होतं.

हॉटेलवाल्या सुभाषचंदशेठनी भंगारातून आणलेलं नॅरोगेजचं वाफेचं इंजिन दारातच उभं केलं होतं. ताजा काळा रंग, चाकं सिमेंटात रोवलेली. येणारेजाणारे फोटो काढत होते. प्रयागबाई मात्र पुढच्या पितळी नंबरावर बोटं फिरवत राहिली.

"तुज्या बापाचं हाय ह्ये. ह्यो नंबर मी इसरन व्हय?"

आरतीचा बाप चिमाजी नॅरोगेजवर फायरमन होता, भट्टीत कोळसा टाकायचा. एका सकाळी वाफेची नळी फुटली. घरी आणला तो पांढऱ्या कापडात गुंडाळूनच. प्रयागबाईला ना तोंड बघू दिलं, ना हात लावू दिला. आरती तेव्हा पोटात होती. तिच्यापाशी बापाचा एक फोटोही नाही.

"मला वर चढव."

दोघींनी आत पाऊल ठेवलं आणि रस्त्यावरचे हॉर्न एकाएकी लांब गेले. ओल्या कोळशाचा वास आला. मग तापल्या तेलाचा. मग भाजल्या कातडीचा... भट्टीचं दार गंजून बसलं होतं. त्याच्यापलीकडे फावडं खरवडलं. थांबलं... पुन्हा खरवडलं.

"आये, खाली चल..."

प्रयागबाईनं दाराला कपाळ टेकवलं.

"लई भाजलं का वं?" ती हळूच म्हणाली. "मला बघूच दिलं न्हाई कुनी... पोरगी झाली आपल्याला. ही बघा, आनलीय."

फावडं थांबलं.

जन्मात कधी बापाला मारता न आलेली हाक आरतीच्या तोंडून निघाली. "दादा..."

एक ऊन श्वास तिला वळसा घालून गेला, आणि आईचा पदर हलला.

घरी पोलकं बदलताना आईच्या पाठीवर पुरुषाचा पंजा दिसला. वाफेनं भाजावं तसा, फोडांनी भरलेला. आरती मलम आणायला उठली, तर आईनं तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. जाताना हात लावायचा ऱ्हायला व्हता त्यांचा."

आरतीनं न्हाणीत जाऊन आरशात स्वतःची पाठ पाहिली. कोरी होती. तिथंच बसून ती पोटभर रडली.

फोड अजून सुकलेले नाहीत. आईचं अन्न तुटलंय, पण चेहरा नव्या नवरीसारखा हसरा असतो. काल वेणी घालायला आरतीनं तिचे केस वर उचलले. पंजा पाठीवर नव्हता. मानेवर आला होता, आणि बोटं गळ्याकडे वळली होती.